सुम्मने

मोटार वाहन कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली की तिला तिथला नंबर घ्यावा लागतो. जुन्या आरटीओकडून ना-हरकत दाखला आणायचा, नव्या राज्याचा कर भरायचा, जुन्या राज्याकडे उरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करायचा, आणि मग कधीतरी एमएच-१२ ची केए-५३ होते. माणसांसाठी असा फॉर्म नाही. मतदारयादीपुरता कायदा 'सर्वसाधारणपणे रहिवासी' एवढंच विचारतो. राज्यघटनेचं १९वं कलम त्याहून उदार आहे : देशात कुठेही फिरा, कुठेही राहा, स्थायिक व्हा. म्हणजे हक्काचा प्रश्न १९५० सालीच सुटलेला आहे. तरीही "तुम्ही कुठल्या?" असं कुणी विचारलं तर चार वर्षं मारतहळ्ळीत राहूनही मी "पुण्याची" म्हणते, आणि "सध्या कुठे असता?" असं विचारलं तर "बेंगळुरूला". "मी कर्नाटकात राहते" हे वाक्य माझ्या तोंडून सहसा निघत नाही. इथे पंधरा-वीस वर्षं काढलेल्या माझ्या मराठी ओळखीच्या माणसांच्या तोंडूनही मी ते ऐकलेलं नाही. शहर आपण पत्करतो, राज्य मात्र पत्त्यातल्या पिनकोडच्या आधीची एक ओळ होऊन राहतं. हे असं का होतं, आणि त्यात काही गैर आहे का, एवढाच या लेखाचा विषय.

मारतहळ्ळी हे नाव इंग्रजी पाटीवर वाचलं की मराठी माणसाला त्यात हमखास 'मराठा' दिसतो. कन्नड पाटीवर 'त' आहे, 'ठ' नाही. नावाच्या दोन-तीन कथा सांगतात. त्यातली एक जवळच्याच हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनलेल्या आणि १९६१ साली पहिल्यांदा उडालेल्या 'मरुत' विमानाची आहे. मला त्यातली एकही पटत नाही, पण 'त'चा 'ठ' किती सहज होतो हे मात्र पटलं. इथे कन्नडचा एक शब्दही न येता सबंध आयुष्य काढता येतं. दुकानदार हिंदीत बोलतो, मेसवाला तेलुगूत, सोसायटीचा सुरक्षारक्षक ओडिशाचा किंवा आसामचा, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाची भाषा इंग्रजी. रिंगरोडच्या पुलाखालून रोज जाणाऱ्या माणसांपैकी बहुतेक जण दुसरीकडून आलेले. त्यामुळे कर्नाटक बघायचं तर इथून बाहेर पडावं लागतं, हे वाक्य ऐकायला विचित्र असलं तरी खरं आहे.

मी बाहेर पडते. अनुवादाच्या कामाला सुट्टीचा वार नसतो आणि कामाचाही नसतो, याचा तेवढा एक फायदा. महिन्यातून दोन-तीनदा, बहुधा मंगळवारी किंवा बुधवारी, सकाळी साडेपाचला गाडी काढते आणि रात्री परत येते. कुठे जायचं ते आधी ठरवत नाही. अर्थात हे स्वातंत्र्य कागदावरचं. रिंगरोडवर डावी-उजवी एवढीच निवड असते. दक्षिणेला सिल्क बोर्ड, तिथून होसूर रस्ता, पण त्या रस्त्यावर अत्तिबेलेला कर्नाटकच संपतं. म्हैसूरच्या बाजूला जायचं तर सगळं शहर ओलांडावं लागतं आणि तोवर निम्मी सकाळ जाते. राहता राहिलं के. आर. पुरम. टिन फॅक्टरीच्या चौकातून सुटलं की जुना मद्रास रस्ता सरळ कोलारकडे जातो. त्यामुळे माझं कर्नाटक पूर्वेकडे झुकलेलं आहे : होसकोटे, मालूर, कोलार, मुळबागल, चिंतामणी, शिडलघट्टा. पर्यटनाच्या जाहिरातींत यातलं जवळपास काही नसतं. जोग नाही, हंपी नाही, कॉफीचे मळे नाहीत. निलगिरीची राखी झाडं, आंब्याच्या बागा, मोठाले गोल खडक आणि बरेचदा कोरडे असलेले तलाव.

गाडी एकटीने चालवण्याला कारण आहे. बरोबर कुणी असलं की गाडीत मराठी चालू राहतं आणि काचेबाहेरचा प्रदेश त्या गप्पांचा पडदा होतो. एकटी असले की वाट विचारावी लागते. नकाशा मी परतीच्या वेळी लावते; जाताना माणसांना विचारते. माझं पहिलं कन्नड 'नेर होगि', 'एडक्के', 'बलक्के' (सरळ जा, डावीकडे, उजवीकडे) असं रस्त्यावरचं आहे, आणि अनुवादाच्या मजकुरात ते कधीही कामाला आलेलं नाही.

गावात गाडी थांबवून उतरलं की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "यार मनेगे?" कुणाच्या घरी? हा प्रश्न आपल्याकडच्याही गावात विचारतात. त्यामागचं गृहीत असं की माणूस गावात येत नाही, गावातल्या एखाद्या घरी येतो. ज्याला घर सांगता येत नाही तो एक तर सरकारी माणूस, नाही तर जमिनीचा दलाल. बेंगळुरूच्या आसपासच्या शंभर किलोमीटरांत दुसरी शंका फार रास्त आहे. स्वच्छ गाडीतून उतरून शेताकडे टक लावून बघणाऱ्या माणसाचा तिथल्या लोकांना काय अनुभव आहे हे सांगायला नको. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न, "ओब्बरेना?" एकट्याच? आणि याच्या उत्तरात मला जो शब्द शिकावा लागला तो 'सुम्मने'. सुम्मने बंदे. सहज आले, उगाच आले.

या शब्दाने मला बराच काळ गुंतवून ठेवलं आहे. 'सुम्मने'चा एक अर्थ विनाकारण, दुसरा अर्थ गप्प. 'सुम्मने इरु' म्हणजे गप्प बस. कारण नसणं आणि बोलणं नसणं यांना एकच शब्द. याला मराठीत प्रतिशब्द नाही असं मला वाटलं होतं, आणि मग लक्षात आलं की आपला 'उगा' अगदी तसाच आहे. रडणाऱ्या मुलाला आपण 'उगी, उगी' म्हणतो, जुन्या मराठीत 'उगा राहा' म्हणजे गप्प राहा, आणि 'उगाच' म्हणजे विनाकारण. यातलं कुणी कुणाकडून घेतलं की दोघींना स्वतंत्रपणे सुचलं, हे भाषाशास्त्रज्ञांनी सांगावं. मला त्यातली कल्पना महत्त्वाची वाटते. जो उगाच आला आहे त्याने निदान उगा राहावं. ज्याच्याकडे येण्याचं कारण नाही त्याच्याकडे मत देण्याचाही अधिकार नाही. नैतिक प्रश्नाची सुरुवात मला इथे दिसते, कारण विनाकारण येणं ही साधी गोष्ट नाही.

इमान्युएल कांट आपलं कोनिग्सबर्ग सोडून फारसा कुठे गेला नाही, आणि १७९५ साली शाश्वत शांततेवरच्या निबंधात त्याने परक्याच्या हक्कांचा विचार केला. पृथ्वी गोल आहे, माणसं तिच्यावर अनंत अंतरापर्यंत पांगू शकत नाहीत, म्हणून एकमेकांना सहन करणं भाग आहे, असं त्याचं म्हणणं. परक्या माणसाला दुसऱ्याच्या भूमीवर पाऊल टाकलं म्हणून शत्रू समजलं जाऊ नये, एवढा हक्क त्याला आहे. कांट त्याला भेटीचा हक्क म्हणतो. पाहुणा म्हणून घरात घेतलं जाण्याचा हक्क त्याहून वेगळा. तो आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा करार लागतो. कांटच्या मनात तेव्हा युरोपीय व्यापारी होते, जे भेटीच्या नावाखाली देश गिळत होते. 'यार मनेगे' विचारणाऱ्या कोलारच्या म्हातारीच्या मनात दलाल असतो. दोघांची काळजी एकच. भेटीचा हक्क राज्यघटनेने मला दिलेला आहे. घर मात्र म्हातारीच्या हातात आहे, आणि ते तसंच असायला हवं.

आपल्याकडे प्रदेश ओळखण्याचं दुसरं एक प्रारूप आहे. इरावती कर्व्यांनी 'वाटचाल'मध्ये महाराष्ट्राची एक व्याख्या सुचवली : ज्या प्रदेशातली माणसं पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र. नकाशावरून, राजवटीवरून किंवा भाषेवरून व्याख्या न करता त्यांनी ती चालण्यावरून केली, आणि ती स्वतः चालून केली. माझ्या भटकंतीशी ताडून पाहिलं तर वारी सर्व बाजूंनी उलट आहे. वारीचा रस्ता ठरलेला, मुक्काम ठरलेले, दिवस ठरलेला. माझं काहीच ठरलेलं नाही. वारी दिंडीत चालते, मी एकटी. वारी पायी, मी ताशी ऐंशीने. वारकऱ्याला रस्त्यातल्या प्रत्येक गावात 'कुणाच्या घरी' याचं उत्तर आहे. आणि कर्व्यांना जो प्रश्न पडला, एकाच रस्त्यावर चालणाऱ्या दिंड्या जातींनी वेगळ्या का, तो त्यांना बरोबर चालल्यामुळे पडला. गाडीतून जाणाऱ्याला असा प्रश्न पडणार नाही. त्याला दृश्य दिसतं. (व्याख्येची एक कड मात्र कर्नाटकात सांडते. विजयपूर, कलबुर्गी, बेळगावकडची कानडी माणसंही पंढरपूरला जातात, आणि तिथल्या देवाला तर आपल्या संतांनीच कानडा म्हटलं आहे.)

तेव्हा आक्षेप असा : हेतू नसलेलं बघणं ही चैन आहे, आणि चैनीतून कुठल्याही जागेशी नातं जुळत नाही. माझ्या एका दिवसाच्या फेरीला साधारण चौदाशे रुपयांचं पेट्रोल लागतं. शेजारच्या इमारतीच्या बांधकामावर विटा वाहणाऱ्या रायचूरकडच्या बाईची दोन-तीन दिवसांची मजुरी त्यात जाते. ती बाई कर्नाटकातली आहे, कन्नड बोलते, आणि निळ्या ताडपत्रीच्या शेडमध्ये राहते. जानेवारी २०२० मध्ये मारतहळ्ळीपासून थोड्याच अंतरावर, करियम्मन अग्रहारात, बांगलादेशींची वस्ती असल्याच्या आरोपावरून अशा शेड जमीनदोस्त केल्या गेल्या. तिथे ईशान्येकडून आलेली माणसं होती आणि उत्तर कर्नाटकातलीही होती. आपल्याच राज्याच्या राजधानीत परकं ठरायला जेसीबी पुरतो. मला, परराज्यातून आलेल्या आणि सदनिकेत राहणाऱ्या बाईला, कुणी असा पुरावा मागितलेला नाही. मी कर्नाटकाची आहे की नाही हा प्रश्न मला शांतपणे, लेख लिहून विचारता येतो, हीच मुळात एक सवलत आहे.

हा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही. पण चैन असली तरी तिच्यातून काही गोष्टी कळतात, ज्या घरी बसून कळल्या नसत्या. दोन सांगते.

कोलार जिल्ह्याला बारमाही नदी नाही. पिढ्यान् पिढ्या तिथली शेती तलावांवर चालली आणि मग बोअरवेलवर. बोअर हजार फुटांच्या खाली गेल्या. २०१८ च्या जूनमध्ये एक योजना सुरू झाली. बेंगळुरूच्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातलं सांडपाणी दोन टप्प्यांत शुद्ध करून, नळांतून कोलारकडे नेऊन तिथले तलाव भरायचे. योजना दिवसाला ४४ कोटी लिटरची. पहिलं पाणी लक्ष्मीसागर तलावात पडलं आणि काही आठवड्यांतच तिथे फेस दिसला. प्रकरण उच्च न्यायालयात, मग सर्वोच्च न्यायालयात गेलं. पाणी थांबलं, पुन्हा सुरू झालं. आज त्या भागात विहिरींना पाणी वाढलं म्हणणारे शेतकरी भेटतात, आणि तिसऱ्या टप्प्याचं शुद्धीकरण केल्याशिवाय हे पाणी नको म्हणणारेही भेटतात. हे पाणी बेळ्ळंदूरच्या परिसरातल्या शुद्धीकरण केंद्रांतून जातं. २०१७ मध्ये ज्या बेळ्ळंदूर तलावाने पेट घेतला, तोच हा परिसर, माझ्या घरापासून काही किलोमीटरवर.

म्हणजे मी कोलारला पहिल्यांदा गेले त्याच्या आधीच माझ्या मोरीतलं पाणी तिथे पोचलेलं होतं. तलावाच्या बांधावर एका शेतकऱ्याने मला हे सांगितलं, तेही मजेत : मी 'सुम्मने' म्हणाले, तेव्हा तो म्हणाला, तुमच्याकडचं पाणी येतं, मग तुम्ही आलात तर काय. उलट दिशेने कोलारचे टोमॅटो आणि चिंतामणीच्या भाज्या मारतहळ्ळीच्या बाजारात येतात. मी ज्याला विनाकारण जाणं म्हणत होते त्याला कारण आधीपासून होतं. ते मला दिसत नव्हतं, एवढंच. शहरात राहणारा माणूस भोवतालच्या प्रदेशाशी संबंध जोडावा की नाही याचा विचार करत बसतो, तेव्हा तो संबंध त्याच्या नळातून आणि मोरीतून चालूच असतो. म्हणून 'मी फक्त बेंगळुरूत राहते' हे विधान मला आता खोटं वाटतं, भूगोलाच्या दृष्टीनेही आणि नीतीच्या दृष्टीनेही. फक्त शहरात राहणं शक्यच नाही.

दुसरी गोष्ट केजीएफची. कोलार गोल्ड फील्ड्स मारतहळ्ळीपासून साधारण नव्वद किलोमीटर. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही इंग्रज कंपनी तिथे आली आणि खाणी उघडल्या; पुढे त्या तीन किलोमीटरहून खोल गेल्या. १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज सुमारे दीडशे किलोमीटर तारांवरून नेली ती आधी या खाणींना. बेंगळुरूचे दिवे त्यानंतर, १९०५ साली लागले. खाणीत उतरणारे मजूर बहुतांशी तमिळ प्रदेशातून आणलेले दलित. २८ फेब्रुवारी २००१ ला भारत गोल्ड माइन्स बंद झाली. आता तिथे साहेबांचे बंगले आहेत, कामगारांच्या चाळींच्या रांगा आहेत आणि सोनं काढून उरलेल्या मातीचे सायनाइडचे प्रचंड ढिगारे आहेत, सपाट माथ्याच्या टेकड्यांसारखे. वारा सुटला की त्यांची धूळ वस्तीत येते. त्या ढिगाऱ्यांवर सिनेमावाले चित्रीकरण करतात, फोटो काढायला लोक येतात. मीही गाडी थांबवून पाहिलंच.

चहाच्या टपरीवर माझ्याशी आधी तमिळमध्ये बोलले, मग कन्नडमध्ये, मग हिंदीत. माझा कन्नडचा सराव तिथे निरुपयोगी ठरला, कारण गावच तमिळ. त्या टपरीवर मला कळलं की निम्मं गाव पहाटे मारिकुप्पमच्या गाडीने बेंगळुरूला कामाला जातं आणि रात्री परत येतं. म्हणजे मी ज्या अंतराला एका दिवसाची मुशाफिरी म्हणते तेवढंच अंतर ही माणसं रोज कापतात, माझ्या उलट दिशेने, उभ्याने, पोटासाठी. आमची वेळही साधारण तीच. पाच पिढ्या त्या जमिनीच्या पोटात काम केलेल्यांना ती जमीन त्यांची का वाटू नये? ती त्यांची आहे का हे कुणी ठरवायचं? बंद खाणीच्या जमिनीवरच्या घरांचा प्रश्न तिथे वर्षानुवर्षं चर्चेत आहे. राहण्याची मुदत, भाषा, श्रम, कागद : यातलं कुठलंही एकच माप लावलं तर केजीएफचा माणूस कुठे ना कुठे अडतो.

कर्नाटक पाहायला निघाले आणि केजीएफमध्ये तमिळ, चिंतामणीत तेलुगू, शिडलघट्ट्याच्या रेशीमकोषांच्या बाजारात दखनी उर्दू ऐकू आली. सीमाभागाच्या वादात वाढलेल्या मराठी माणसाला भाषावार प्रांतरचनेचा एक साधा नकाशा डोक्यात घेऊन फिरायची सवय असते : रेषेच्या अलीकडे ती भाषा, पलीकडे ही. १ नोव्हेंबर १९५६ ला आखलेली रेषा, नंतरचा महाजन आयोग, आणि मधूनच उसळणारा राग. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, आणि पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. त्या आठवड्यात दोन्हीकडे माणसांऐवजी नंबरप्लेटी वाचल्या गेल्या. पहिल्या परिच्छेदातला तो आरटीओचा फॉर्म तेव्हा अचानक फार गंभीर कागद झाला होता.

नव्या मुलखात आलेला मराठी माणूस बहुधा प्रथम मराठी खुणा शोधतो. त्या सापडतातही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांकडे आलं. कोलारही त्यांच्या जहागिरीत होतं. त्यांची समाधी होदिगेरेला आहे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी चावुंडरायाने मूर्ती करवल्याचा मराठी लेख आहे, आपल्या भाषेतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते. कर्नाटकातल्या गंग राजांच्या सेनापतीने घडवलेली मूर्ती, आणि तिच्याखाली कन्नड, तमिळ, मराठी अशा तीन भाषांत तीच गोष्ट. मराठी पर्यटक तिथे भारावून फोटो काढतात. मला त्यात अभिमानापेक्षा यजमानपण जास्त दिसतं : येणाऱ्याला वाचता यावं म्हणून त्याच्या भाषेत लिहिलेली पाटी. आणि खुणाच मोजायच्या तर सगळ्या मोजाव्यात. १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. त्यानंतर मठाच्या पुन:स्थापनेसाठी टिपू सुलतानाने मदत पाठवली, आणि त्याची कन्नड पत्रं १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याच्या आर. नरसिंहाचार यांना मठात सापडली. शृंगेरी माझ्या एका दिवसाच्या टप्प्यात बसत नाही. पण होदिगेरेला जाऊन डोळे ओले करणाऱ्याने तिथेही जायला हवं असं मला वाटतं.

मालूर तालुक्यात मास्ती नावाचं गाव आहे. मास्ती वेंकटेश अय्यंगार त्या गावचे. घरची भाषा तमिळ, लेखन कन्नडमध्ये, १९८३ चं ज्ञानपीठ. कन्नडमध्ये त्यांच्याबद्दल एक यमक रूढ आहे : मास्ती कन्नडची आस्ती. आस्ती म्हणजे मालमत्ता. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलत. त्यांना १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड कवी म्हणून. मास्ती गावातून परतताना मला या यमकातल्या दिशेची गंमत वाटली. मी विचारत होते की हे राज्य माझं कधी होणार. कन्नड माणसांनी मास्तींबद्दल हा प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी माणूसच आपल्या मालमत्तेत जमा करून टाकला. प्रदेश आपल्या मालकीचा होण्याची वाट पाहणं आणि आपण प्रदेशाच्या कामी येणं, यात दुसऱ्या गोष्टीला बारा महिन्यांची अट नाही, जन्माचा दाखला नाही. तिच्यात सन्मानही बहुधा नसतो, कारण सगळेच काही मास्ती नसतात. कुणाच्या तरी कामी यायचं तर काय करायचं? भाषा शिकायची, मतदान इथे करायचं, मोरीतलं पाणी कुठे जातं याची चौकशी ठेवायची, शेड पाडल्या जातात तेव्हा 'आम्ही बाहेरचे, आम्हाला काय' असं म्हणायचं नाही. साने गुरुजींची आंतरभारती मला शाळेत भाषणापुरती वाटायची. रस्त्यात वाट विचारताना ती बरीच व्यवहारी वाटते.

एक अडचण शिल्लक राहते, आणि ती व्याकरणाची आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. 'आमचं' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपलं' म्हटलं की आत येतो. आजच्या बोलीतल्या कन्नडमध्ये हा भेद नाही. दोन्हींना एकच शब्द, 'नम्म'. नम्म मेट्रो, नम्म बेंगळूरु, नम्म ऊरु. पाटीवर 'नम्म' वाचताना मी त्यात आहे की नाही हे पाटी सांगत नाही. कन्नड बोलणाऱ्याला ते तिथल्या तिथे, सुरातून आणि नजरेतून कळत असणार. मला मात्र प्रत्येक वेळी मराठीत आणताना ठरवावं लागतं.

सध्या मी एका कन्नड कथेचा अनुवाद करते आहे. त्यात एक म्हातारा शेतकरी शहरातून आलेल्या तरुण इंजिनिअरला तलावाच्या बांधावर उभं करून पाण्याकडे बोट दाखवतो आणि दोनच शब्द बोलतो, 'नम्म केरे'. केरे म्हणजे तलाव. 'आमचं तळं' लिहिलं तर तो इंजिनिअरला बजावतो आहे. 'आपलं तळं' लिहिलं तर त्याला सामील करून घेतो आहे. कथा दोन्ही वाचनांना वाव देते, आणि या दोन शब्दांवर कथेचा शेवट अवलंबून आहे. लेखकाला फोन करून विचारलं. ते हसले आणि म्हणाले की म्हाताऱ्याला स्वतःलाच ते अजून ठरवायचं आहे, इंजिनिअर पुढे कसा वागतो ते बघून ठरवेल. मराठीत अशी सोय नाही, मी म्हटलं. मग तुम्ही बघा, ते म्हणाले.

कथेचा पहिला खर्डा गेल्या महिन्यात पाठवला. त्यात सध्या 'आमचं' आहे.